कार्डामागचा नंबर

मंगळवार, १४ तारीख
ऑफिसचं कँटीन, जेवणाची सुट्टी

ती. दादा,

साष्टांग नमस्कार. नमस्कार मनापासून आहे, तेवढा आधी घेऊन टाक, कारण पुढे मी काय काय बोलेन याचा मलाच भरवसा नाही.

इकडे आम्ही बरे आहोत. बाबांची टाच आता बरीच कमी दुखते. जिन्यातला दिवा एकदाचा लागला. वहिनीने दिलेलं रोप मी पाणी घालून घालून जवळजवळ मारलंच होतं, बाबांनी ते खिडकीत हलवलं आणि आता त्याला नवी पानं आलीत. तिला सांग.

एकाच गावात राहून पत्र कसलं लिहितेस, असं म्हणशील. अरे, फोनवर तू मला पहिलं वाक्य पुरं करू देतोस का? दुसऱ्या वाक्याला तुझं 'हे बघ' येतं आणि तिथून पुढे मीच बघत बसते. मेसेज केला तर अर्धा वाचून अंगठा पाठवशील. म्हणून हे पाकीट उद्या वहिनीच्या ऑफिसात जाऊन तिच्या हातात देणार आहे. कागदाला 'हे बघ' म्हणता येत नाही.

माझं डोकं सध्या ठिकाणावर नाही, हे आधीच सांगते. माझं काम तुला ठाऊक आहे, पण ते कसं असतं हे तू कधी विचारलं नाहीस. कुणाच्या खात्यातून काही विचित्र व्यवहार झाला की आमच्या स्क्रीनवर लाल पट्टी येते आणि आम्ही त्या माणसाला फोन लावतो. 'नमस्कार, मी बँकेतून बोलतेय' एवढं म्हटलं की समोरून शिव्या सुरू. एका बाईने मला काल 'लाज नाही वाटत, घरी आईबाप आहेत का' असं विचारलं. मी तिचेच पैसे वाचवायला फोन केला होता! तिने फोन आपटला. पुढच्या अर्ध्या तासात तिचं खातं धुऊन निघालं, आणि मग तिचाच फोन आला की तुम्ही झोपला होतात का.

आणि ज्यांच्यावर विश्वास ठेवायचा नाही त्यांच्यावर लोक डोळे मिटून ठेवतात. का, तर ते गोड बोलतात. 'सर, घाबरू नका, मी आहे ना.' आम्हाला गोड बोलायला वेळ कुठे आहे!

बरं, आमची बँक तरी धड आहे का? सकाळी सगळ्यांना मेसेज जातो की आम्ही कधीही लिंक पाठवत नाही. दुपारी कर्जवाले त्याच लोकांना पाठवतात, तुमचं कर्ज मंजूर झालंय, खालच्या लिंकवर टिचकी मारा. मी साहेबांकडे गेले. म्हटलं, साहेब, आपणच लोकांना खोट्या मेसेजची सवय लावतोय. ते म्हणाले, 'ते डिपार्टमेंट वेगळं आहे.' मी म्हटलं, ग्राहकाचा मोबाईल तर एकच आहे ना? त्यावर त्यांनी मला चहा घेणार का विचारलं. मी घेतला. काय करणार!

तर बाबांच्या गेलेल्या पैशांबद्दल.

लिंक कुणी उघडली हे सध्या राहू दे. त्या गुरुवारी काय झालं, ते तू ग्रुपवर लिहिलंस तसं झालेलं नाही, एवढं आधी ऐक.

गुरुवारी माझ्या शेजारच्या खुर्चीवरची मुलगी फोन ठेवून हसायला लागली. म्हणाली, 'आज एक आजोबा भेटले. मी विचारलं, हा व्यवहार तुम्ही केलात का? तर म्हणतात, बाई, तुम्ही खऱ्या असाल तर मी फोन ठेवल्याचा तुम्हाला राग येणार नाही. आता मी फोन ठेवतो, चष्मा लावतो आणि माझ्या कार्डामागे छापलेल्या नंबरवर स्वतः फोन करतो. आणि खरंच ठेवला गं!' दादा, ती वाक्यं माझी होती. जेवणाच्या टेबलावर बसून मीच बाबांकडून ती घोकून घेतली होती. खरा माणूस तुम्हाला फोन ठेवू देतो, खोटा ठेवू देत नाही, घाई करतो, भीती घालतो. आमचा माणूस फक्त विचारणार, हा खर्च तुमचा का, हो की नाही. पिन विचारणार नाही, ओटीपी विचारणार नाही. तरी संशय असला तर फोन ठेवा आणि कार्डामागचा नंबर लावा. बाबा मान डोलावत म्हणाले होते, 'म्हणजे डबल बेल.'

तुला आठवतं ना? मागून प्रवासी कितीही ओरडले, चला चला, तरी कंडक्टरकाकांची डबल बेल झाल्याशिवाय बाबांनी कधी क्लच सोडला नाही. लोक त्यांना 'ठोंब्या' म्हणायचे. त्या ठोंब्याच्या गाडीतून जन्मात कुणी पडलं नाही.

तेव्हा गुरुवारी त्यांनी अगदी बरोबर केलं. आणि मग काय झालं? कार्डामागच्या नंबरवर आमच्या बँकेने त्यांना गाणं ऐकवलं. हे हवं तर एक दाबा, ते हवं तर दोन दाबा, तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. बाबा स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभेच. बसले नाहीत, का तर रेंज जाईल म्हणून. ते गाणं ऐकत होते तेवढ्यात पैसे दुसऱ्यांदा गेले. पण त्यांनी फोन सोडला नाही, शेवटी माणूस मिळाला आणि कार्ड बंद झालं. जे उरलंय ते त्यांनी वाचवलंय. मी नाही, तू नाही, बँक तर नाहीच. नातेवाइकाच्या खात्याला हात लावायचा नाही असा आमचा नियम आहे, त्यामुळे मी त्या मुलीच्या स्क्रीनपासून हाताच्या अंतरावर बसून नुसती नखं खात होते.

हे मी तुला त्याच दिवशी फोनवर सांगायला लागले होते. 'हे बघ,' तू म्हणालास. आणि संध्याकाळी सगळ्या काका-मावशांच्या देखत ग्रुपवर लिहिलंस: 'कितीदा सांगितलं लिंक उघडू नका. बाबांना आता हे झेपत नाही. १९ तारखेला, रविवारी येऊन फोन आणि नवं कार्ड ताब्यात घेतो, खात्याच्या कागदावर सही घेतो.' खाली सावधगिरीची तीन चित्रं. मावशीने हात जोडले, धाकट्या काकांनी 'योग्य निर्णय' लिहिलं. बाबांनी लिहिलं, 'बरं.'

नुसतं 'बरं', दादा! जो माणूस भाजीवाल्याशी वांग्याच्या देठावरून वाद घालतो, त्याने 'बरं' लिहिलं. मी आतल्या खोलीत होते, मोबाईल भिंतीवर फेकायचा राहिला.

त्या दिवसापासून घरात काय चाललंय ते सांगते. फोन वाजला की बाबा आधी माझ्याकडे बघतात, उचलू का? मी घरी नसले तर उचलतच नाहीत. माझासुद्धा. काल मी ऑफिसातून केला, वाजून वाजून बंद झाला. घरी येऊन विचारलं तर म्हणाले, 'नाव तुझं दिसत होतं, पण हल्ली नावही खोटं दाखवता येतं म्हणे.' कंडक्टरकाकांचा रोज सकाळचा फोन असायचा, दोघं मिळून जगातल्या सगळ्या ड्रायव्हरांना नावं ठेवायचे. तोही बंद. विजेचं बिल ते स्वतः मोबाईलवरून भरायचे आणि भरून झालं की मला स्क्रीन दाखवायचे, प्रगतिपुस्तक दाखवावं तशी. या महिन्यात म्हणाले, 'तूच भर.'

आणि काल कपाट आवरताना मला पिशवी दिसली. चार्जर नीट गुंडाळून त्यांनी आत ठेवलाय. फोनचं जुनं कव्हरसुद्धा. रविवारी तुला शोधाशोध करायला लागू नये म्हणून.

लिंकचं राहू दे म्हटलं होतं. आता नाही राहू देत.

मी त्यांच्या मोबाईलमधला तो मेसेज शोधून काढला. 'आपल्या पार्सलचा पत्ता अपुरा आहे, किरकोळ शुल्क भरून पत्ता पूर्ण करा, अन्यथा पार्सल परत जाईल,' आणि खाली लिंक. मी विचारलं, बाबा, तुम्ही काही मागवलं होतं? म्हणाले, 'हो, मीच.' कुठून? 'दुकानातून.' कुठल्या? तर खिडकीतल्या रोपाकडे बघायला लागले. त्यांना खोटं बोलता येत नाही हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. मग माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली.

मऊ तळव्याचे बूट. घरातसुद्धा घालून फिरतात हल्ली.

तू आला होतास तेव्हा त्यांची टाच बघून तिथल्या तिथे मागवलेस ना ते? पैसे तू तुझे भरलेस, पत्ता इथला आणि नंबर त्यांचा दिलास, म्हणून त्यांच्या मोबाईलवर आलेला तो भामट्यांचा मेसेज तुम्हा दोघांना खरा वाटला. असे मेसेज ते हजारो लोकांना फेकतात, ज्याचं पार्सल यायचं असतं तो सापडतो. तो आला तेव्हा तू निघायच्या घाईत होतास. बाबांचा मोबाईल तुझ्या हातात होता, लिंक तूच उघडलीस. बाबांनी कार्ड पुढे केलं, 'माझे बूट, माझे पैसे' म्हणून, आणि आकडे तू भरलेस. ओटीपीही तूच टाकलास. हे सगळं मी त्यांच्याकडून एकेक शब्द ओढून काढलंय. बूट तर दुसऱ्या दिवशी आपोआप आले. पत्ता मुळात पुरा होता.

तुला राग आला असेल. येऊ दे. दिवसभर मी हेच बघते, यात शहाणे-वेडे असं काही नसतं. घाईत असलेला आणि नसलेला माणूस, एवढाच फरक. आमचे साहेब स्वतः फसलेत एकदा, तो विषय कुणी काढत नाही.

मी बाबांना म्हटलं, मग तुम्ही दादाला बोलला का नाहीत? सगळ्या ग्रुपसमोर मुकाट ऐकून का घेतलंत? तर म्हणाले, 'अगं, तो माझ्या पायात घालायला आणत होता. त्याला काय सांगू, त्याच्या पायी माझे पैसे गेले म्हणून? मला खुळा म्हणतात तर म्हणू देत, मला आता कुठे नोकरी करायची आहे! त्याला ते लागून राहील. तू काही बोलू नकोस.'

मी मान हलवली. तोंडाने हो म्हटलं नाही, असं मी स्वतःला समजावते आहे, पण त्यांचा शब्द मी मोडलाच. मला गप्प बसवेना, दादा. त्यांनी तुला सांभाळलं, आणि तू त्यांच्या हातातलं सगळं काढून घ्यायला निघालास. आणि ते पिशवी भरून तयार बसलेत. मला रडू येतं आणि तुझा इतका राग येतो की काय सांगू.

आता माझं ऐक. माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. मी चिडलेली आहे, एकतर्फी बोलतेय असं समज. कागद बाजूला ठेव, तुझ्याच मोबाईलमध्ये बुटांची ऑर्डर उघड, तारीख बघ, आणि ती दुपार आठव. त्या दुपारी बाबांचा मोबाईल कुणाच्या हातात होता ते तुला दुसऱ्या कुणी सांगायची गरज नाही.

रविवारी ये. नक्की ये. फक्त सहीचे ते कागद घरी विसरून ये. माफी मागू नकोस, त्यांना ती झेपणार नाही, आणि मी सांगितलं हे लगेच कळेल. ग्रुपवर काय लिहायचं ते तुझं तू ठरव, पण काहीतरी लिही, मावशी अजून हात जोडूनच आहे. आल्या आल्या ते पाय पुढे करून म्हणतील, 'बघ, अजून तसेच नवे आहेत.' मग तुझ्या मोबाईलची बॅटरी संपली आहे म्हण आणि त्यांच्याकडे चार्जर माग. तो पिशवीतून बाहेर आला की परत आत जाणार नाही, ते मी बघते.

सुट्टी संपली. लाल पट्टी आली आहे, कुणाच्या तरी शिव्या खायला जाते.

तुझ्यावर भयंकर चिडलेली आणि तुझीच,
धाकटी

ता. क. त्याआधी बाबांना एक फोन कर. पहिल्यांदा उचलणार नाहीत, दुसऱ्यांदाही नाही. तू ठेवू नकोस, परत लाव. तू खरा आहेस हे त्यांना कळेपर्यंत.