खुशालभाऊंची मूठ

१८ ऑगस्ट
दीड महिना झाला, अजून ब्रश हातात नाही. नुसतं खडू चाळणं आणि रंग चिकटवणारा सरस भिजवणं. खुशालभाऊंची चित्रशाळा म्हणजे ब्रह्मपुरीबाहेरची एक टिनाची शेड, सात विद्यार्थी. शिकवणं एकच – नाटकाचे पडदे. राजवाडा, जंगल, रस्ता. सगळं हाताने, खडू आणि सरसाच्या रंगात. सकाळी मेडिकलच्या दुकानात मिलिग्रॅम वाचते, संध्याकाळी इथे ‘अंदाजानं’ ऐकते.

आज विचारलं, एका बादलीला सरस किती? “तीन मुठी.” मूठ म्हणजे किती ग्रॅम? “माह्या हातात मायते तेवढी.”

२१ ऑगस्ट
दुकानातला छोटा काटा नेला. भाऊंनी कोरडा सरस ताटलीत टाकला की ताटली आधी काट्यावर. तीन मुठी – १५१ ग्रॅम.

“दिव्यानीबाई, सरस मोजून राह्यल्या का माहं वजन करून राह्यल्या?”

त्यांच्या बायकोने, केसरबाईंनी, चुलीपासूनच सांगितलं, “तुमचं कराले ट्रकचा काटा लागन.”

२८ ऑगस्ट
१४९. १५०. १५१. आठवड्यात फरक दोन ग्रॅमचा. मला राग आला. कॉलेजात प्रॅक्टिकलला माझा याहून जास्त यायचा.

भाऊंना आकडे सांगितले नाहीत. फुगतील.

१२ सप्टेंबर
नाटक मंडळीचे बिरजूभाऊ आले. मंडईच्या, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, प्रयोगाला राजवाड्याचा पडदा हवा. “खुशालभाऊ, पोपडे पडले तर पुढच्या साली नागपूरहून फ्लेक्स आणतो. बाकीचे आणूनच राह्यले.” म्हणजे मग शाळेत शिकायचं तरी काय?

सरस कमी पडला की रंग हाताला लागतो. जास्त झाला की पडदा बांबूवर गुंडाळताना तडकतो. भाऊ म्हणाले, “माही मूठ चाळीस वर्षांत चुकली नाई.”

आज भरली १६८.

१५ सप्टेंबर
१८३. काटा वजनं ठेवून तपासला. बरोबर आहे.

१९ सप्टेंबर
चुलीवरचं सरसाचं भांडं भाऊंनी फडक्याशिवाय उचललं. दहा पावलं नेलं, सावकाश ठेवलं. तळहातावर लाल पट्टा.

“भाऊ, चटका बसला.”

“कुठी?”

शुगर तपासली का, विचारलं. “माही शुगर केसरबाईच्या डब्यात आहे.” बाई म्हणाल्या, “म्हणूनच डबा लपवला.” दुकानातून मशीन आणते, बोटाला एक सुई, दोन मिनिटं – असं म्हटलं. “सुईले भेतो मी.”

शुगर वाढली की बोटं बधिर होतात. मूठ किती भरली ते त्यांच्या बोटांना कळेनासं झालं आहे. एवढंच आहे. सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

२० सप्टेंबर
२०४. भाऊ चहाकडे वळले तेव्हा ५४ ग्रॅम काढून बी-कॉम्प्लेक्सच्या रिकाम्या डब्यात टाकले. पेशंटच्या पुडीत मी असं काही केलं असतं तर लायसन गेलं असतं.

४ ऑक्टोबर
रोज तेच. डबा अर्धा भरला. पडदाही अर्धा झाला. भाऊ खूश – “पाह्य, याले म्हणते मूठ. ने तो काटा दुकानात.” मी हो म्हटलं. नेला नाही.

आज पहिल्यांदा ब्रश मिळाला. राजवाड्याचा एक खांब. ओळंब्यात आला.

“लयच सरळ आहे,” भाऊ म्हणाले. “राजाच्या घरचा आहे तो, दवाखान्याचा नाई.”

२४ ऑक्टोबर
मंडई. दुपारी स्टेजवर पडदा उलगडला. मी डावीकडून सुरू केलं, वीतवीतभर पाहत उजवीकडे गेले. एक पोपडा नाही. बिरजूभाऊंनी रंगावर बोट घासलं – कोरडं. जंगलाचा पडदाही सांगितला. भाऊ ज्याला त्याला मूठ दाखवत फिरले. माझ्याकडे पाहून विचारलं, “काऊन, कशी आहे मूठ?” मी मान डोलावली. मूठ चांगलीच आहे म्हटलं.

२७ ऑक्टोबर
जंगलाची पहिली बादली. भाऊंनी मूठ भरलीच नाही. रिकामी ताटली माझ्याकडे सरकवली.

“आधी तुह्या त्या डब्यातला संपव. मग नवीन पोतं फोड.”

मी डबा काढून काट्याशेजारी ठेवला.

“अन् ते सुई आण उद्या. बोट कोणतंही घे. मले सारे सारखेच.”