मागचंकाहीउपटूनये

४ मार्च, सोमवार. सकाळी ७.१०

ही बहिणीकडे गेली. पहिल्याच बसने. हवापालटासाठी मीच पाठवली, असं म्हणायला हरकत नाही.

खरं तर पत्राने काम भागलं असतं. साडू जाऊन पंधरा दिवस झाले. तेव्हा दोघं जाऊन आलो होतो, पण नंतर चार ओळी लिहायच्या असतात, म्हणून हिने काल मेहुणीला पत्र लिहिलं. पाकिटात घालण्याआधी मी सहज नजर टाकली. सतरा चुका. एकतीस वर्षं छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस घरात असताना असं पत्र बाहेर जाणं बरं दिसत नाही. लाल पेनाने दुरुस्त करून दिलं. मजकुराला हात लावला नाही. फक्त 'मलाही रडू आवरत नाही' हे दोनदा आलं होतं, त्यातलं एक काढलं.

हिने पत्र पाहिलं, त्याचे चार तुकडे केले आणि बॅग भरायला घेतली. ठीकच आहे. पोस्टापेक्षा लवकर पोचेल.

५ मार्च

घर शांत. रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच निवांत काम करता आलं. स्वयंपाकघरातले डबे अकारविल्हे लावले. नंतर चहा सापडायला वीस मिनिटं. 'च'मध्ये नव्हता. 'प'मध्ये निघाला, 'पावडर, चहाची'. धोरण माझंच होतं, त्यामुळे कुणावर ओरडता आलं नाही.

८ मार्च. दुपारी

मुलीचा फोन. आई परत कधी येणार म्हणून विचारत होती. म्हटलं, हवापालटासाठी गेलीये, पालट झाला की येईल. मुलगी म्हणाली, बाबा, आई हवापालटाला गेलेली नाही, ती परत येईल की नाही हे तिचंच ठरलेलं नाही, तुम्ही फोन करून सॉरी म्हणा. कशाबद्दल, विचारलं. तर म्हणे, सगळ्याबद्दल. असल्या मोघम मजकुरावर काम करता येत नाही.

परत येईल की नाही, हे मुलीने स्वतःच्या मनाचं घातलं असावं.

१० मार्च

झोप नाही. पण त्यामुळे योजना सुचली.

हिला रानफुलांचं वेड. वसंत लागला की रस्त्याच्या कडेला कुठेही उकिडवी बसते, बस निघून गेली तरी हिला पत्ता नाही. घरामागच्या जागेतसुद्धा आठ वर्षं काहीबाही वाढवत बसलीये. मी तिकडे फिरकत नाही, गुडघाभर गवत आहे. फुलं आवडतात ना, मग ती नीट लावायला काय झालं? तर पुढच्या अंगणात इथल्याच मातीतल्या रानफुलांचा वाफा करायचा. आखीव. ही येईल तेव्हा फुललेला. बघितल्यावर सगळं विसरून जाईल.

संकल्प: ही आल्यावर महिनाभर एकही चूक काढणार नाही. (पंधरा दिवस.)

११ मार्च

रोपवाटिकेत गेलो. तिथल्या बाईकडून मिश्र बियांचं पाकीट घेतलं. पाकिटावर 'रानफूले'. फू दीर्घ. तिला दाखवलं. ती म्हणाली, लावून बघा, दीर्घ असली तरी उगवतात. आगाऊ आहे.

शिवाय म्हणाली, ओळीबिळी काही करू नका, नुसत्या मुठीने भिरकावून द्या. अडाणीपणा. मी डावीकडे वीतभर समास सोडला, दोन ओळींत सारखं अंतर ठेवलं, पहिली ओळ थोडी आत सरकवून सुरू केली. लांबून पाहिलं तर पान दिसतं. कंबर धरली.

१९ मार्च

काही नाही.

२४ मार्च. सकाळी ६.३०

तिसऱ्या ओळीत एक कोंब. शेवटी शिस्तच उपयोगी पडते. कोंबाला काठीचा आधार दिला, चिठ्ठी लावली.

३० मार्च

तो टोमॅटो आहे. पानांचं वर्णन फोनवर सांगितल्याबरोबर रोपवाटिकेतली बाई हसली. मी हसलो नाही. रानफुलांना वेळ लागतो, तो त्यांना दिला पाहिजे. एप्रिलमध्ये एकदम येतील.

२ एप्रिल

आज हिला फोन केला. सगळं मनात तयार होतं, दोन वाक्यं, बिनचूक. हिने हॅलो म्हटल्यावर मी विचारलं, कुकरची रिंग कुठे आहे. हिने सांगितली. मी म्हटलं, बहीण कशी आहे. ही म्हणाली, दीड महिना झाला, ती उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाही, कितीही सांगा. मी म्हटलं, ऊन घ्यायला सांग, हाडांना चांगलं. ही हळूच म्हणाली, मागची निळी आली का हो. मी म्हटलं, कपड्यांची नीळ ना, संपली असेल तर आणून ठेवतो. हिने बरं म्हणून फोन ठेवला.

एकूण बोलणं चांगलं झालं. घराची आठवण येते आहे हे उघड आहे, नाहीतर माणूस निळीची चौकशी कशाला करेल.

६ एप्रिल. सकाळी ९

नीळ आणली. सदरे नीळ घालून धुतले आणि वाळत घालायला मागचं दार उघडलं. महिन्याभरात पहिल्यांदाच. दाराच्या बाहेरच्या बाजूला कागद चिकटवलेला. हिचं अक्षर. जाताना लावून गेली असणार. कागदावर एवढंच:

मागचंकाहीउपटूनये

शब्दांत अंतर सोडणं हिला जन्मात जमलं नाही. किराण्याची यादीसुद्धा एका दमात लिहिते. टेबलावर घेतलं, लाल पेनाने उभ्या रेघा मारल्या. मागचं, काही, उपटून, ये.

म्हणजे माझ्यासाठीच. मागचं रान उपटून काढ आणि मग माझ्याकडे ये. महिनाभर ती तिकडे वाट बघते आहे आणि मी इथे टोमॅटोला पाणी घालतोय.

आणि 'ये' लिहिलंय. 'या' नाही. लग्नाला चौतीस वर्षं झाली, हिने मला कधी अरे म्हटलं नाही. भांडतानासुद्धा अहो. आणि इथे सरळ, ये. तीनदा वाचलं. डोळे भरून आले. हे मुलीला सांगायचं नाही.

७ एप्रिल

मागची पाहणी केली. निळी बारीक फुलं, झुबक्याने. पिवळी, जमिनीलगत. पांढरे तुरे, अजून कळीत. भिंतीशी एक झाड, माझ्या कमरेइतकं, आपोआप उगवलेलं दिसतंय. भिंतीवर त्याच्यामागे खडूच्या आडव्या रेघा, प्रत्येक रेघेपुढे साल. सात रेघा. पोरांची उंची मोजावी तशा. भिंत खराब केली आहे, पण संकल्प आठवला, मनात नोंद घेतली नाही.

शब्दकोश काढून बसलो. पानं-फुलं बघून एकाचंही नाव सापडलं नाही. ज्याला नाव नाही ते तण, दुसरं काय.

'काही' या शब्दाने मात्र घोळ घातलाय. काही म्हणजे किती? कुठलं? मोघमपणा हा हिचा जुना दोष. विचाराअंती सगळंच काढायचं ठरवलं. अर्धवट काम मला जमत नाही.

८ एप्रिल

खात्री असावी म्हणून रोपवाटिकेतल्या बाईला फोन करून वर्णन सांगितलं. ती एकदम गंभीर. म्हणाली, ही निळी इथली मूळची, आता कुठे राहिली नाही, मी तीन वर्षं बी शोधतेय, कुणाकडे आहे? कुणी उपटत असेल तर हात जोडते, थांबवा. तिला फुकटात बी हवंय हे न कळण्याइतका मी दूधखुळा नाही. नंबर चुकला म्हणून फोन ठेवला. तिसऱ्यांदा बोलतोय, तिने आवाज ओळखला असेल.

९ एप्रिल

कामाला लागलो. निळी सहज निघते. तुरे चिवट.

१० एप्रिल. दुपारी २

पिवळी संपली. मधमाश्या फार. उपटून ढीग केला तर ढिगावरच्या फुलांवर येऊन बसायला लागल्या, हाकलल्या तरी जाईनात. मला कसंतरी झालं. थोडा वेळ पायरीवर बसून राहिलो. ऊन लागलं असणार.

११ एप्रिल

झाड. पहारीने चार तास. मूळ झाडाच्या दुप्पट लांब, भिंतीखालून गेलेलं. शेवटी तुटलं. हाताला फोड, पाठीत उसण. पण मागची जागा आता कोऱ्या कागदासारखी स्वच्छ झाली आहे. खडूच्या रेघाही पुसल्या.

सगळं पोत्यात भरलं. नुसतं उपटलं म्हणून सांगण्यापेक्षा पुरावा बरोबर असावा. ओलं फडकं टाकलंय, ताजं दिसेल. उद्या सकाळची बस. नीळ घातलेला सदरा इस्त्री केला. हिला काय म्हणायचं ते ठरवलं आहे. मी आलो. एवढंच.

१२ एप्रिल, शुक्रवार. संध्याकाळी ७.४०

घरी परतलो. लिहिणार नव्हतो.

बसमध्ये पोतं मांडीवर घेऊन तीन तास. मेहुणीने दार उघडलं. फार वाळलीये. बाहेरच्या खोलीत दोन बॅगा भरून ठेवलेल्या, एक हिची, एक मेहुणीची. मला वाटलं, आपल्या येण्याचा सुगावा लागला.

ही आतून आली. मी म्हटलं, मी आलो. आणि पोतं तिच्यासमोर उघडलं.

ही खाली बसली. एकेक काढून फरशीवर ठेवत गेली. निळी, पिवळी, तुरे. झाड बाहेर काढल्यावर त्याचं तुटलेलं मूळ हातात धरलं. मग विचारलं, कुणी सांगितलं तुम्हाला. मी खिशातून कागद काढला. तिने वाचला, माझ्या रेघा बघितल्या आणि लाल पेन मागितला. तो माझ्या खिशात असतोच. तिने माझी एक रेघ खोडली आणि एका अक्षराने अलीकडे मारली. 'न'च्या अलीकडे.

उपटू नये.

मी म्हटलं, अंतर सोडलं असतंस तर. हे म्हणायला नको होतं.

ही म्हणाली, चौतीस वर्षांत मी तुम्हाला कधी अरे म्हटलंय का हो?

मग मेहुणीकडून कळलं. रविवारी इथे अकराला पोचणाऱ्या बसने दोघी आमच्याकडे येणार होत्या. ही रोज संध्याकाळी तिला मागच्या फुलांचं सांगत बसायची, निळी कशी एका रात्रीत येते, झाड सालाला किती वाढतं. आणि परवा मेहुणी पहिल्यांदा स्वतःहून म्हणाली होती, चल, दाखव मला. दोन महिन्यांत पहिल्यांदा ती घराबाहेर पडणार होती. हीसुद्धा कायमची परत येणार होती. बॅगा त्यासाठी होत्या.

मेहुणी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. तिने फरशीवरचं एक झुडूप उचललं आणि हिला विचारलं, हीच का निळी. ही हो म्हणाली. मग दोघींनी मागे जाऊन जे जगेल ते मातीत लावलं. मी म्हटलं, पाणी आणू का. ही म्हणाली, नको. झाड त्यांनी लावलं नाही, भिंतीला टेकवून ठेवलं.

मी बाहेरच्या खोलीत बसलो होतो. ही हात धुऊन आली आणि तिने आपली बॅग उघडली. साड्या एकेक करून कपाटात ठेवल्या. चार वाजता दार उघडं धरून उभी राहिली आणि म्हणाली, बरं, या आता.

'या'चे दोन अर्थ. एक, इकडे या. दुसरा, पाहुण्याला दारापर्यंत सोडताना म्हणतात तो. कोशात पहिला अर्थ आधी दिला आहे. परतीच्या बसमध्ये तीन तास यावर विचार केला. परत या, असंही तिला म्हणायचं असू शकेल.

मला माहीत आहे तो कुठला होता.

१३ एप्रिल

काही नाही.

१४ एप्रिल, रविवार. दुपारी १

सकाळी सहज बसस्टॉपकडे गेलो होतो. फिरायला. अकराची बस आली, तिघं उतरली, ओळखीचं कुणी नाही. ड्रायव्हरला विचारलं, मागून अजून कुणी आहे का. तो म्हणाला, नाही. साडेबाराचीही पाहिली.

फिरायला नव्हतो गेलो.