बारा गिअरची सायकल

नोब्सा, ५ जुलै

प्रिय ओविदियो,

तुझं पत्र मिळालं. 'हातमाग वीक, सायकल वीक आणि इकडे स्पेनला निघून ये,' असं लिहिलंस, जसं काही मला पलीकडच्या गल्लीत साखर मागायला यायचंय! उत्तर देते, पण आधी तुझ्या सायकलचं ऐक. विकायची म्हणूनच ती खुंटीवरून खाली काढली होती.

गिऱ्हाईक आलं, त्याने पेडल मारलं आणि चेन सटकली. मागच्या दातेरी चकत्या पार गुळगुळीत झाल्यात. गिऱ्हाईक तोंड वाकडं करून निघून गेलं. म्हणून सायकल घेऊन दुइतामाला दुकानात गेले. दुकानातल्या बाईंनी विचारलं, "किती गिअरची?" मी छाती फुगवून म्हटलं, "बारा!" लग्नाआधीपासून तेच ऐकत आलेय ना तुझ्याकडून. बाईंनी समोर काय ठेवावं? ताटाएवढी चकती! तिच्यावर मक्याची आरेपा भाजता आली असती. मग त्यांनी सायकल पाहिली आणि हसत सुटल्या. "अहो ताई, हल्ली बारा म्हणजे मागेच बारा. तुमच्या मागे सहा, पुढे दोन. सहा दुणे बारा!" ओविदियो, आयुष्यभर बाराच्या फुशारक्या मारल्यास, आणि मागे चकत्या होत्या सहाच.

सहाचा संच कुठेच मिळेना. शेवटी सातचा मिळाला, चाकावर नीट बसलाही. पण तुझ्या गिअरच्या दांडीचे खटके सहाच्या हिशेबाचे. खटका पडायचा एकीकडे, चेन जायची भलतीकडे, आणि नुसती खडखड. बाई म्हणाल्या, दांडी बदला. नव्या दांडीला चेन सरकवणारा हातही नवा लागेल. त्यापेक्षा सगळंच नवं घ्या म्हणाल्या, पण त्याला चाक रुंद लागतं, आणि रुंद चाक या सांगाड्यात मावत नाही. "मग माझं राहिलं काय, घंटी?" मी विचारलं. "घंट्याही नव्या छान आल्यात," त्या म्हणाल्या!

सायकल बसच्या टपावर टाकून परत आले. रस्ताभर तुझंच पत्र डोक्यात. आधी माग जाणार, मग घर, मग तुझी आई, मग ही डोंगरातली थंडी. सगळं बदलल्यावर आरासेली म्हणून उरणार कोण? बसमध्ये रडू आलं मला. शेजारचीने आपला रुमाल दिला.

घरी आल्यावर तुझ्या आईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, खटक्याची दांडी त्यानेच हौसेने बसवली. मूळची साधी दांडी माझ्या बटणांच्या डब्यात आहे. आणि खटके कशाला हवेत? तुम्हा दोघांत उडतात तेवढे पुरेत की!" दांडी खरंच डब्यात होती. तिला खटकाच नाही, त्यामुळे सहा असो की सात, तिला फरक पडत नाही. हळूहळू सरकवायची आणि खडखड थांबली की हात काढायचा. मीच पाना घेऊन बसवली.

पहिल्या दिवशी सायकल माझ्यावर गुरगुरली. आता हाताला कळतं. दर रविवारी घाट चढते, वर गरम गूळपाणी आणि चीज घेते. तुझे सायकलवाले सोबती मागून ओरडतात, "वहिनी, नवऱ्याची सायकल पळवली की काय?" मी म्हणते, "नवरा पळाला, सायकल राहिली!" सगळे हसतात. मीही हसते, पण उतारावर एकटीच असते तेव्हा डोळे भरून येतात.

मी येत नाही, ओविदियो. तुझी आठवण येते, रोज येते, तरी येत नाही. दोन हंगाम टोमॅटो तोडून परततो म्हणाला होतास, ते हंगाम कधीच सरले. या सोळा तारखेला कार्मेन मातेचा सण. चर्चसमोर सगळ्यांच्या गाड्या-सायकली फुलांनी सजवून उभ्या राहतील आणि फादर त्यांच्यावर पाणी शिंपडतील. आपलीही तिथे असेल. सीट मी माझ्या उंचीला खाली घेतलीय. पण घेण्याआधी तिच्या नळीवर, तुझ्या उंचीला, लाल नेलपॉलिशने खूण केली. आता ती सांगाड्याच्या आत गेलीय, कुणाला दिसत नाही. ती ठेवू की पुसू, एवढं कळव. त्यासाठीच हे पत्र.

अजून तरी तुझीच,
आरासेली