मका की घेवडा

१२ एप्रिल, १६५३

ठरलं! या निवडणुकीत पडायचंच. सहा वर्षं समुद्रापारच्या या इंग्रज वसाहतीचा उपगव्हर्नर म्हणून मिरवलो, पुरे झालं. मेहिटबेल आज म्हणाली, "लग्न माझ्याशी केलंत की वसाहतीशी? रविवारी प्रार्थनाघरात तेवढे दिसता, तेही पाठमोरे!" झोंबलं. खरं होतं म्हणून.

पण लोकांनी निवडलं, तर सत्तरी उलटल्याशिवाय नकार द्यायचा नाही, असा कायदा आहे. केला कोणी? मीच, गाढवाने!

१५ एप्रिल

उपाय सोपा आहे. मतदानाला टोपी फिरते – माणूस हवा असेल तर मक्याचा दाणा टाकायचा, नको असेल तर घेवड्याचा. म्हणजे लोकांना चिडवलं की झालं. सुरुवात एनॉक लोहारापासून. त्याची डुकरीण मोकाट फिरत होती, सरळ कोंडवाड्यात घातली.

१६ एप्रिल

एनॉक आला. मी भांडायला बाह्या सरसावून तयार. तर म्हणतो, "उपकार झाले, साहेब! सासूबाईंची लाडकी ती, माझी काय बिशाद तिला हात लावायची!" वर एक सुकवलेला कॉड मासा ठेवून गेला.

२ मे

कवायतीच्या दिवशी सफरचंदाची दारू बंद केली. पुरुषांच्या शिव्या खाल्ल्या – छान! पण संध्याकाळी दारात सगळ्या बायका, गोड पाव घेऊन. प्रुडन्सकाकू म्हणाल्या, "सहा वर्षांत हे पहिलं अकलेचं काम केलंत." मेहिटबेल हसून हसून लोळायची बाकी.

३ मे

दिवसभर पाऊस. कोणालाच चिडवता आलं नाही.

१८ मे

आज उपगव्हर्नरपदाचं मतदान, उद्या गव्हर्नरचं. माझं नाव पुकारलं, टोपी फिरली, टेबलावर उपडी केली – सगळा घेवडा! मक्याचा एक दाणा नाही. पडलो! सुटलो!

घोडा दामटत घरी आलो. मेहिटबेलला उचलूनच घेतलं. "अहो, वय काय आपलं!" म्हणत तिने पाठीत धपाटा घातला, पण डोळे पुसत होती वेडी.

खोटं कशाला लिहू? जेवताना पानातला कॉड नुसता चिवडत बसलो. इतका राबलो, आणि एकालाही मका टाकावासा वाटू नये? एनॉकलासुद्धा? मेहिटबेल म्हणाली, "हवं तेच मिळालं ना? मग तोंड का पाडलंय?" उगीच म्हणालो, कॉड खारट झालाय.

१९ मे

म्हातारे गव्हर्नर काठी टेकत उठले, म्हणाले, आता माझ्याच्याने होत नाही. मी मागच्या बाकावर निर्धास्त. तेवढ्यात त्यांच्या जागेसाठी नाव पुकारलं – माझंच! टोपी उपडी झाली, नुसता मका! एनॉक ओरडला, "साहेब, आम्ही काल मका टाकला असता तर तुम्ही खालच्याच पदावर अडकून पडला असता की!"

रडूच आलं, सगळ्यांसमोर.

कोठारात लपून लिहितोय. मेहिटबेल दोनदा हाक मारून गेली.