मावशी, घड्याळ तुमचं मागं नव्हतं

प्रिय कौसामावशी,

समोर एक कोरा कागद आहे. आमच्या रेडिओ केंद्राच्या नव्या मॅनेजरबाईंनी दिलाय. वर त्यांनीच लिहिलंय, ‘सकाळच्या कार्यक्रमाकडून श्रोत्यांच्या अपेक्षा’. खाली मी लिहायचं. उद्या दुपारी मीटिंग आहे, आणि सकाळचा कार्यक्रम आदल्या दिवशीच रेकॉर्ड करून ठेवायचा की नाही, ते तिथं ठरणार. दोन तास झाले, पेन हातात धरून बसलोय. कोण श्रोते, काय अपेक्षा, असा विचार केला की तुमचाच आवाज कानात येतो. मग म्हटलं, आधी तुम्हालाच लिहावं. तुम्हाला जाऊन आज सोळा दिवस झाले.

पहिला फोन आठवतो? मी एका जुन्या गाण्याची माहिती सांगत होतो. मी दहावी नापास माणूस, मावशी. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसून, शब्दकोश उशाशी घेऊन बोलायला शिकलो. चाल कोणत्या रागात आहे, बासरी कुठं येते, हे सांगताना माझी छाती फुगायची. तेवढ्यात तुम्ही!

“दादा, हात पिठात हायेत. सून फोन कानाला धरून उभी हाय, तवा लवकर ऐका. गान्याचं कवतिक जरा कमी करा अन् वेळ सांगा. एका गान्यात माज्या तीन भाकरी व्हत्यात, पन तुमचं बोलनं किती भाकरीचं ते न्हाई कळत.”

स्टुडिओत एकटाच होतो, तरी लाजलो. मोबाईलमध्ये वेळ दिसते की, असं म्हणालो, तर लगेच उत्तर, “त्याला पीठ लागलं का सुनील वरडतो.”

तुमचं गणित मग मला पाठच झालं. सुप्याच्या एमआयडीसीतली पहिली पाळी सातची. कंपनीची बस फाट्यावरून सहा चाळीसला सुटते. त्याच्या आत तुमच्या लेकानं, सुनीलनं, मोटारसायकलवरून कामगार पोरांचे डबे फाट्यावर पोचवायचे. मी सव्वासहा म्हटलं की तुमची शेवटची भाकर तव्यावर. साडेसहा म्हटलं की सुनीलला हाक. तुम्हाला कळावं म्हणून मी दर पाच मिनिटांनी वेळ सांगायला लागलो. लोक हसायचे. “हा रेडिओ हाय का एसटी स्टँड?” असं एकानं तोंडावर विचारलं. मी बदललो नाही. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही. त्याचा मला फार अभिमान होता हो.

आणि मग पुणतांब्याचं लग्न आलं. पुतणीचं. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही, आज सांगतो.

तो कार्यक्रम मी आदल्या दिवशी रेकॉर्ड केला होता. प्रत्येक गाणं स्टॉपवॉच लावून मोजलं. ‘आत्ता सहा वाजून पंधरा मिनिटं झाली आहेत’ हे वाक्य बरोबर सव्वासहालाच येईल, अशी सगळी जुळणी केली. कुणाला संशय येणार नाही म्हणून खूशही झालो. पहाटे केंद्रावरची लाईट गेली. जनरेटर चालू व्हायला अकरा मिनिटं लागली आणि कॉम्प्युटरनं जिथं सोडलं होतं तिथूनच पुढं सुरू केलं. माझा आवाज पुढची सगळी सकाळ अकरा मिनिटं मागं बोलत राहिला. मी तिकडं मांडवात फेटा बांधून घेत होतो. केंद्रावरून मला कळलं, तोवर उशीर झाला होता.

तेवढ्यात मोबाईलवर तुमचा फोन आला.

“दादा, आज काय झालं? सुनील फाट्यावर गेला तर बस गेल्ती. समदे डबे माघारी आले. पोरं उपाशी गेली की हो कामाला.”

काय अवघड होतं मावशी? ‘चूक झाली, मी तिथं नाही’ एवढंच तर म्हणायचं होतं! पण माझी वेळ चुकली, हे माझ्या तोंडातून निघेना. मी म्हणालो, “मावशी, घड्याळ तुमचंच मागं असेल.”

“आमच्या घरी घड्याळ हाय कुठं? तुमीच की.”

मग तुम्ही विचारलंत, “अन् मागं सनई वाजतीय व्हय?”

“गाणं लावलंय,” मी म्हणालो.

“बरं,” एवढंच म्हणालात. एक शिवी तरी हासडायची! त्यानंतर तुमचा फोन आला नाही. मीही केला नाही. वाटायचं, आज येईल, उद्या येईल. आठ महिने मी रोज पाच-पाच मिनिटांनी वेळ सांगत राहिलो, पण त्यातली चव गेली होती. तुम्ही आजारी होतात हे मला तुम्ही गेल्यावर कळलं. तुमची बातमी रेडिओवर वाचा, असं सांगायला रेखानं, तुमच्या सुनेनं, फोन केला तेव्हा. एवढा राग धरायचा का हो?

परवा सुप्याला येऊन गेलो. चुलीच्या वर भिंतीला घड्याळ होतं, काचेवर पिठाची बोटं. म्हटलं, मावशींनी मला काढून टाकलं आणि हे आणलं. सवयीनं मनगटावर बघितलं. भिंतीवरचं चार मिनिटं मागं होतं. रेखाला तसं म्हणालो.

“ते मागंच पडतं,” ती म्हणाली. “आत्या रोज सकाळी स्टुलावर चढून काटा सरकवायच्या.”

“कशावरून लावायच्या?”

“तुमच्यावरून, दुसरं कशावरून? तुमी सव्वासहा म्हनला का लावायच्या. आता कोन चढतंय? डबे मीच करते, पन रोज धावपळ व्हती.”

मला तिथंच काटा सरकवता आला असता. हात पुढं गेला होता, मागं घेतला.

थकलोय मावशी. कार्यक्रम रेकॉर्ड झाला तर मलाही सातपर्यंत झोपता येईल, असं गेल्या महिन्यात मीच मॅनेजरबाईंना म्हणालो होतो. आता त्यांच्या कागदावर एकच ओळ लिहितो : वेळ खरी हवी, आणि ती सांगणारा त्या वेळी तिथं हवा. त्यांना पटेल की नाही, माहीत नाही.

पण मीटिंग दुपारची आहे. सकाळ अजून माझ्याकडंच आहे. उद्या माईक सुरू झाला की गाण्याच्या आधी त्या लग्नाचं सांगणार आहे, पुणतांब्याचं, सनईचं, अकरा मिनिटांचं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. मग सव्वासहाला वेळ सांगेन. रेखाला मी स्टूल काढून ठेवायला सांगितलंय.

तुमचा,
रेडिओवाला दादा