तळ्याकाठचा ताजा मासा

तीर्थस्वरूप दादा,

साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? डॉक्टरांनी हवापालट सांगितला म्हणे. सांगू देत, पण त्यांचं कुणी सहलींच्या धंद्यात आहे का, तेवढं आधी पाहून घ्या. वहिनींनाही नमस्कार.

तुमच्या बहिणीने तिथे येऊन एक बाजू सांगितली असेलच. दुसरी ही. लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून तिच्या हट्टाखातर तळ्याकाठच्या त्या हॉटेलात गेलो, जिथे प्रवासी जेवणाचे आधी फोटो काढतात (खाल्ल्यावर ते कुणाला आठवावंसं वाटत नाही). सूप म्हणजे तळ्याचंच पाणी, जरा कोमट केलेलं. ब्रेड असा, की टेबलाच्या डुगडुगत्या पायाखाली घातला तर नीट बसला. भाव पाहून वाटलं, बशी घरी न्यायची असावी. म्हणून ती उलटी करून तपासली. पाटीवर मात्र 'समोरच्या तळ्यातला ताजा मासा'! मी वेटरला विचारलं, "ताजा म्हणजे कधीचा?"

"सकाळचा, काका."

"कुठल्या सकाळचा?"

तो तुमच्या बहिणीकडे बघून हसला. तीही हसली. मघाशी हात धुवायला म्हणून गेलेली ती मॅनेजरशी कुजबुजताना मी पाहिली होती. आता तुम्हीच सांगा, संशय येणार नाही तर काय होईल?

त्यातच भिंतीपलीकडून डीप फ्रीझर ऐकू आला. मी कॉलेजात शिकलो नाही, भंगारातले फ्रिज खोलून खोलून शिकलो. पण फ्रीझर रिकाम्या पोटी घुरघुरतोय की भरल्या, हे मला भिंतीआडून कळतं. हा भरलेला होता. तळ्यातल्या ताज्या माशाला फ्रीझर कशाला हवा? "अहो, आज तरी तो स्क्रूड्रायव्हर घरी ठेवायचा," ती म्हणाली. (कोटाच्या आतल्या खिशात होता. तिला कसा दिसला, देव जाणे.) "आलोच," म्हणत मी स्वयंपाकघरात शिरलो, स्क्रूड्रायव्हरची मूठ कानाला आणि टोक कॉम्प्रेसरला लावून खात्री केली, आचारी ओरडतोय तोवर झाकण उघडलं, आतला मोठा खोका काढला आणि पुरावा म्हणून छातीशी धरून मॅनेजरशी वाद घातला. चांगला सविस्तर. परतलो तर खिडकीजवळची तिची खुर्ची रिकामी, आणि मासा गार. (चव? ती तळ्यातच राहिली असावी.)

आपला चौकस मेहुणा

ता. क. : खोक्यात मासा नव्हता. तिने मॅनेजरला गुपचूप सांगून करवलेला आइस्क्रीमचा केक होता. वर आमची दोघांची नावं होती म्हणे. मी खोका उघडेपर्यंत तिचं नाव माझ्या बुटावर आलं होतं.

ता. क. २ : तिला पाठवा, दादा. घरात आता आमचा फ्रिज तेवढा बोलतो, आणि तोही ऐकवत नाही. रविवारी खिडकीजवळचं तेच टेबल सांगून ठेवलंय, केकसुद्धा. स्क्रूड्रायव्हर पत्रासोबत पाठवतोय, तो तिच्याच हातात द्या.

ता. क. ३ : त्या फ्रीझरच्या झाकणाचं रबर सैल आहे. केक टिकायचा नाही. तेव्हा येताना तिने तो स्क्रूड्रायव्हर पर्समध्ये घालून आणावा, हे जरा तुमच्या शब्दांत सांगा.