वहिनीने वकील केला

दि. ४ मार्च

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. गुडघ्यांना शेक देताय की नुसतं ‘देते’ म्हणून लिहिताय?

यांना जाऊन पुढच्या महिन्यात वर्ष होईल. घर माझ्या नावावर झालं तेव्हापासून थोरला मागे लागलाय, की आई, मृत्युपत्र करून टाक. त्याचं चुकतं असं नाही. धाकटा तिकडे लांब, हा रोजच्या धावपळीत. उद्या माझं काही झालं तर निस्तरायचं यालाच. म्हणून परवा त्याच्या ओळखीच्या वकिलाकडे गेलो. ऑफिस कसलं, काचेचं कपाटच. खुर्ची इतकी खोल की माझे पाय जमिनीला लागेनात. आणि वकील सगळं बोलला ते थोरल्याशी. माझं वय किती, मला ऐकू येतं का, मी सही करते की अंगठा उठवते, हेसुद्धा त्यानं थोरल्यालाच विचारलं! जन्मभर यांच्या स्टुडिओतले फोटो रंगवले या हातानं. कागद आधीच छापून ठेवलेला. माझ्यामागे घर विकायचं आणि दोघा भावांनी वाटून घ्यायचं, चार ओळींत आटोपलं.

मी म्हटलं, चष्मा घरी राहिला, वाचल्याशिवाय सही करायची नाही. वन्सं, चष्मा पर्समध्येच होता. थोरल्यानंच निघताना आठवणीनं ठेवला होता. पण बिचाऱ्यानं मला उघडं पाडलं नाही.

घरी आल्यावर खाली स्टुडिओ उघडून जरा बसले. छताच्या काचेतून ऊन खाली आलं होतं, जिथे हे गिऱ्हाइकाला बसवायचे नेमकं तिथेच. कोणी बसलेलं नाही आणि उजेड मात्र आपला ठरलेल्या जागी हजर. मन भरून आलं.

भावोजी गेले तेव्हा तुम्ही एकटीनं वकील केला होता. कसा केलात, ते कळवा. आणि तब्येतीला जपा. माया आहे तशी राहू द्या, ही विनंती.

तुमची,
वहिनी

दि. १२ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

चष्म्याचं वाचून एकटीच एवढी हसले की शेजारीण दार वाजवून विचारायला आली. या वयात खोटं बोलायला शिकलीस, शाबास!

वकील करणं म्हणजे काय गं, घरात माणूस ठेवण्यासारखंच. स्वयंपाकाला बाई ठेवताना तू आधी ती सुरी कशी धरते ते बघायचीस, आठवतं? तसंच बघायचं. भांडणं, घटस्फोट, दुकानांचे करार, सगळं एकाच हातानं करणारा नको. मृत्युपत्रं आणि वारसा हेच ज्याचं रोजचं काम, तो शोध. फी आधी सांगतो का ते बघ. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, तो कोणाकडे बघून बोलतो ते बघ. तुझ्याकडे नाही, तर उठून ये. चष्मा विसरायचीही गरज नाही.

स्टुडिओचं वाचलं आणि मी पुन्हा नऊ वर्षांची झाले. दादा मला त्या उंच स्टुलावर बसवून उजेड लावायचा आणि ओरडायचा, चिमणे, हलू नकोस. त्याचं एकेक दिवा हलवणं संपेपर्यंत माझे पाय बधिर. तेवढ्यात नवीन आलेली तू आतून यायचीस आणि मला ‘वन्सं, तुम्ही उतरा आता’ म्हणायचीस. मला ‘तुम्ही’ म्हणणारं जगात दुसरं कोणी नव्हतं. शाळेत केवढा तोरा मिरवला मी त्या एका शब्दाचा! आणि तुझं ते फोटोंना रंग देणं. ज्यांची तुला माया यायची त्यांच्या गालावर गुलाबी जरा जास्तच चढायचा. पोस्टमास्तर फोटो न्यायला आले आणि स्वतःलाच ओळखेनात. दादा रागावला, पण मास्तरांच्या बायकोनं तोच फोटो दिवाणखान्यात लावला.

माझं बरं चाललंय. घरमालकाच्या मुलाला ही जागा हवी आहे, तेव्हा उन्हाळा संपला की इथल्या वृद्धाश्रमात जायचं ठरवलंय. बघून आले. खोली हवेशीर आहे, दोघींत एक कपाट, खिडकीतून समुद्राची चिंधी दिसते. तू काही मनाला लावून घेऊ नकोस.

थोरल्याला आशीर्वाद. तुझी माया मला कधी कमी पडली नाही, पुढेही पडू देऊ नकोस.

तुझी,
चिमणी

दि. २ एप्रिल

प्रिय वन्संना,
स. न. वि. वि.

एवढी मोठी गोष्ट पत्राच्या शेपटाला बांधून पाठवता होय? मनाला लावून घेऊ नकोस म्हणे! तीन दिवस मला जेवण गोड लागलं नाही.

पण आधी वकिलाचं सांगते. एक गृहस्थ फोनवरच एवढे घाईत होते की मीच त्यांना म्हटलं, राहू द्या, तुमचं चालू द्या. मग औषधाच्या दुकानदारानं एका वकीलबाईंचं नाव सुचवलं. शिंप्याच्या दुकानावर ऑफिस, जिना लाकडी, खालच्या मशीनचा आवाज वर येतो. बाई पन्नाशीच्या, केस अर्धे पांढरे. थोरला माझ्याबरोबर आत आला, तर त्यांनी त्याला हसून सांगितलं की तुम्ही जरा बाहेर बसा, चहा पाठवते. आईंशी मला एकटीशी बोलायचंय, सगळ्यांच्याच बाबतीत मी असंच करते. थोरल्याचा चेहरा पडला. पण गेला.

दार लावून त्या समोरच्या खुर्चीत न बसता माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, आता सांगा, तुमच्या मनात काय आहे?

वन्सं, हे मला नवीनच होतं. आईनं विचारलं नाही, यांनी विचारलं नाही. म्हणजे प्रेमानं वागवलं हो, राणीसारखं ठेवलं, पण मनात काय आहे असं कोणी विचारलं नव्हतं. मी रडले. बाईंनी रडू दिलं. मग विचारलं, आज घरात कोण राहतं, आणि तुम्हाला कोण राहिलेलं हवंय? आणि माझ्या तोंडून आपोआप निघालं, माझी नणंद.

त्यांनी समजावून सांगितलं. घर मुलांचंच होईल, त्यांच्या हक्काला धक्का नाही. पण वन्सं, माझ्यामागे तुम्ही हयात असेपर्यंत तिथे राहण्याचा हक्क तुमच्या नावानं लिहिता येतो. तोवर घर विकता येणार नाही आणि तुम्हाला कोणी ऊठ म्हणू शकणार नाही. मी म्हटलं, झालं तर मग, लिहा. तेव्हा त्या म्हणाल्या की आई, मृत्युपत्र माणूस गेल्यावर बोलतं. जिवंतपणी बोलायचं ते तुम्हीच बोलायला हवं.

म्हणून बोलते. इकडे या. राहायला या.

पत्रास उत्तर लगेच हवं. रागावले आहे, तरी लोभ आहेच.

वहिनी

दि. १० एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र चारदा वाचलं. वकीलबाईंनी तुला विचारलं तुझ्या मनात काय आहे, फार चांगलं केलं. पण माझ्या मनात काय आहे ते तू मला विचारलंस का? न विचारता माझं नाव कागदावर?

वहिनी, दादा होता तोवर ते माहेर होतं. आता ते तुझ्या मुलांचं घर. पोरं चांगली आहेत, मी त्यांना अंगाखांद्यावर खेळवलंय. पण ‘आत्या जाईपर्यंत थांबा’ असं ज्या घराबद्दल बोललं जाईल, तिथे मला पाणी तरी गोड लागेल का? कोणाच्या वाटेत बसलेली म्हातारी व्हायचं नाही मला. शिवाय झोपायच्या खोल्या वर, आणि तो जिना माझ्या गुडघ्यांना झेपायचा नाही.

थोरला काय म्हणाला ते तू लिहिलं नाहीस. तू लिहिलं नाहीस, म्हणजे काय ते मला कळलं.

राग मानू नकोस. आहे ती माया मला पुष्कळ आहे.

चिमणी

दि. २१ एप्रिल

ती. आत्यास,
शि. सा. न.

हे पत्र मी आईला न सांगता लिहितोय. तुझं पत्र तिनं मला वाचायला दिलं आणि स्वतः गच्चीवर जाऊन बसली.

मी काय म्हणालो ते मीच सांगतो. बाहेर बाकड्यावर बसवल्याचा मला राग आला होता. घरी येताना मी आईला म्हणालो की इतकी वर्षं धावपळ करायला मुलगा, आणि मनातलं सांगायला परकी बाई. वर हेही म्हणालो की आमचा हक्क असा लांबवायचा होता तर मला बरोबर कशाला नेलंस. आई शांतपणे म्हणाली, तुमचा हक्क कोणी काढून घेत नाहीये रे, मी फक्त तुमची घाई काढून घेतेय.

आठवडाभर आम्ही कामापुरतंच बोललो. मग मी एकटाच वकीलबाईंकडे गेलो, जाब विचारायलाच म्हण. आईचं काही सांगायला त्यांनी साफ नकार दिला. एवढंच म्हणाल्या की तुमच्या आईंनी माझ्यासमोर तुमची तक्रार एका शब्दानंही केलेली नाही. मी जिना उतरलो आणि शिंप्याच्या दुकानापाशी बराच वेळ नुसता उभा राहिलो. आत्या, मी आईला कधी विचारलंच नव्हतं गं. फक्त सुचवत होतो.

जिन्याची अडचण खरी आहे, म्हणून तुझी सोय खाली करतोय. स्टुडिओ झाडून घेतला. डार्करूममध्ये पाण्याचा नळ होताच, तिथे न्हाणीघर होईल. गवंडी येऊन बघून गेला. दुपारचं ऊन फार येतं, तेव्हा छताच्या काचेखाली पडदा लागेल. पलंग कोणत्या भिंतीला लावायचा तेवढं कळव.

धाकट्याला सगळं लिहिलंय. त्याचं अजून उत्तर नाही. त्याला पटेल की नाही, मी खात्रीनं सांगू शकत नाही. पण त्याच्याशी मी बोलेन, ते तुझं काम नाही. तू वाटेत बसणार नाहीस. तू घरात बसणार आहेस.

तुझ्या आशीर्वादाची वाट पाहणारा,
थोरला

दि. ३ मे

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझ्या मुलानं मला पत्र लिहिलं, हे एव्हाना त्यानं कबूल केलंच असेल. मजकुरात वाद घालायला जागाच ठेवली नाही पठ्ठ्यानं. थेट पलंगाची भिंत विचारली. आता भिंत विचारणाऱ्याला ‘नाही’ कसं म्हणायचं?

वृद्धाश्रमाच्या बाईंना जाऊन सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, आजी, इथं नाव नोंदवून लोक घरी जातात असं आम्ही फारसं बघत नाही. मग त्यांनीच माझा हात धरून ठेवला थोडा वेळ.

पण माझ्याही अटी आहेत. घरखर्चात माझा वाटा राहील. सकाळचा चहा मी करीन, तू फार पाणचट करतेस. धाकट्याचं उत्तर कसंही आलं तरी ते मला वाचून दाखवायचं, लपवायचं नाही. आणि तुझ्या वकीलबाईंकडे मलाही ने. माझ्याकडे ठेवून जाण्यासारखं काही नाही, पण दार लावून कोणी विचारलेलं मलाही आवडेल.

पंधरा तारखेला निघते. सामान बांधताना तुझी पत्रं निघाली, लग्न होऊन इकडे आले तेव्हापासूनची. एवढी वर्षं आपण एकमेकींना जे काही सांगितलं, ते लांब होतो म्हणून सांगितलं. समोर बसून जमेल का गं आपल्याला? मला जरा धास्तीच वाटते. नाही जमलं, तर मी खालून चिठ्ठी पाठवीन, तू वरून उत्तर दे.

पलंग उत्तरेच्या भिंतीला.

बाकी लोभाचं काय ते आता आल्यावर.

तुझी,
चिमणी